सह्याद्रीत उगवलेली जादू : वनस्पती-पत्त्यांचा एक संच

दर शनिवारी संध्याकाळी कोथरूडला आमच्या घरी रोलप्लेइंग गेमची, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन कथा खेळण्याची, बैठक भरते आणि गेली ४ वर्षे डंजन मास्टरची, म्हणजे कथा सांगत खेळ चालवण्याची, जबाबदारी माझ्याकडे आहे. या काळात राक्षसांची, पडक्या किल्ल्यांची किंवा शापित तलवारींची वानवा कधी भासली नाही. अडायचे ते जंगलापाशी. पात्रे रानात शिरली की "घनदाट झाडी आहे" एवढे सांगून मी मोकळी होत असे आणि खेळणारेही ती झाडी ओलांडून पुढच्या लढाईकडे वळत. त्यामुळे जूनमध्ये कर्वे रस्त्यालगतच्या एका बोर्डगेम कॅफेत जादुई वनस्पतींच्या ६० पत्त्यांचा संच दिसला, तेव्हा ८५० रुपये मोजून तो लगेच घेतला. पुण्यातल्याच काही हौशी खेळाडूंनी तो तयार केला आहे. ११ बैठकांमध्ये वापरून झाल्यावर हे लिहीत आहे.

पत्त्याच्या एका बाजूला चित्र आहे आणि दुसऱ्या बाजूला ती वनस्पती कुठे उगवते, कशी ओळखावी, काय करते आणि तिच्याकडून काही घ्यायचे असेल तर काय द्यावे लागते, हे दिलेले आहे. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. नुसती जखम भरून काढणारी मुळी ही औषधाची बाटलीच असते, फक्त ती मातीतून उपटायची असते. पण जी वनस्पती स्वतःच्या गरजेपोटी काही करते आणि त्या गरजेच्या वाटेत पात्रे येतात, ती लक्षात राहते.

संचातले उत्तम पत्ते खऱ्या सह्याद्रीतून आलेले आहेत, हे ओळखायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात आपल्या घाटमाथ्यावर कंदीलपुष्पे फुलतात. त्यांच्या नळीत आतल्या दिशेने वळलेले केस असतात. चिलट आत सहज उतरते, पण बाहेर येऊ शकत नाही. पुढे केस कोमेजतात आणि परागकण अंगावर घेतलेले चिलट सुटते. पत्त्यावरचे फूल माणसाच्या उंचीचे आहे, बाकी वागणे तंतोतंत तेच. आमच्या खेळातला चोर गंधाला भुलून आत उतरला आणि अडकला. दोघांनी लगेच तलवारी उपसल्या. पत्त्यावर लिहिले होते की फूल फाडता येते, मात्र या खोऱ्यात अशी ७च फुले उरली आहेत. किंवा पहाटेपर्यंत थांबावे, केस आपोआप गळून पडतात. ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू जाणणारे पात्र, खेळणारी माझी १२ वर्षांची भाची तेव्हा म्हणाली, "मावशी, फूल मारायचं नाही. आम्ही इथेच मुक्काम करतो." त्या मुक्कामात दीड तास गेला, पहारे लागले, फुलाच्या आतून चोराशी गप्पा झाल्या आणि पहाटे तो पिवळ्या परागांनी माखून बाहेर आला. त्यानंतर तशाच प्रत्येक फुलाची त्याला ओढ वाटते, हेही पत्त्यावरच आहे आणि आजही आम्हाला पुरते आहे.

कळलावीच्या पत्त्यात भाषेचा फार सुंदर उपयोग केला आहे. कळ म्हणजे वेदना आणि कळ म्हणजे भांडणही. ही वनस्पती घरात आणली की भांडणे होतात, असा समज आपल्याकडे जुना आहे. पत्त्यातली कळलावी ज्याच्या झोळीत असेल त्याच्या सोबत्यांना एकमेकांचे जुने अपराध आठवू लागतात आणि फुलाच्या पाकळ्या पिवळ्याच्या लाल होत जातात, तसा तो राग चढत जातो. अमरवेल मुळे नसलेली, दुसऱ्याच्या जिवावर जगणारी. पत्त्यात ती मांत्रिकाच्या चालू मंत्रावर वाढते. सापकांदा पुरेसे अन्न साठले की नराचा मादी होतो, त्यावर बेतलेला पत्ताही चांगला आहे. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात चमकणाऱ्या बुरशीवरून केलेल्या पत्त्याचे चित्र तर संचात सर्वांत देखणे आहे. बुरशी ही वनस्पती नव्हे, तरीही तिला इथे जागा दिली याचा मला आनंदच आहे.

याउलट मँड्रेकसारखे २०-२२ पत्ते केवळ संख्या भरण्यासाठी घेतल्यासारखे वाटतात. उपटल्यावर किंचाळणारे मूळ खेळणाऱ्यांनी शंभरदा ऐकलेले असते आणि पत्त्याने त्यात नवीन काहीच घातलेले नाही. ते पत्ते मी बाजूला काढून ठेवले आहेत.

दोन उणिवा मात्र गंभीर आहेत. पहिली आकड्यांची. विषाला तोंड देण्यासाठी २० बाजूंच्या फाशावर किती पडायला हवेत, तो आकडा जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर १५ आहे. पहिल्या पातळीच्या पात्रांना तो जड जातो आणि दहाव्या पातळीच्या पात्रांना त्याचे काहीच वाटत नाही. मी प्रत्येक पत्त्यावर पेन्सिलीने ११, १४ आणि १७ असे तीन आकडे लिहून घेतले. दुसरी उणीव मला अधिक खटकते. कळलावीचा कंद आणि गुंजेचे बी खऱ्या जगात जीवघेणे विषारी आहेत आणि दोन्ही पुण्याच्या आसपास सहज सापडतात. पत्त्यांवर त्यांची हुबेहूब चित्रे आहेत, पण खऱ्या झाडाविषयी सावधगिरीचा एक शब्दही नाही. हा खेळ मुलेही खेळतात, पावसाळ्यात टेकडीवर जातात आणि पत्त्यात पाहिलेले झाड ओळखता आले की त्यांना हात लावावासा वाटणारच. पुढच्या आवृत्तीत अशा पत्त्यांवर ठळक सूचना असलीच पाहिजे. तोवर ज्यांच्या बैठकीत मुले आहेत त्यांनी हे स्वतः सांगावे; मी भाचीला दोन्ही पत्ते समोर ठेवून सांगितले.

कागदाबद्दल थोडक्यात सांगायचे तर जुलैच्या दमट हवेत पत्त्यांच्या कडा वळल्या. प्लॅस्टिकची पाकिटे आधीच घेऊन ठेवावीत.

सर्वांत शेवटी कारवीचा पत्ता. खरी कारवी साधारण ७ वर्षांनी एकदा डोंगरच्या डोंगर जांभळा करते आणि बी धरून मरून जाते. पत्त्यातली कारवी फुलते त्या आठवड्यात डोंगराच्या पोटातली वाट उघडते आणि झाडे वाळली की मिटते. एका बैठकीत संपवण्याचा हा पत्ता नव्हे, म्हणून मी तो पहिल्याच दिवशी सर्वांना दाखवून पाटीवर टाचून ठेवला. आमच्या कथेतल्या पंचांगाप्रमाणे सध्या सहावे वर्ष चालू आहे. भाचीच्या ड्रुइडने डोंगराच्या पायथ्याशी झोपडी बांधली आहे, जुन्या वाळलेल्या कारवीच्याच कुडाची, आणि दर बैठकीच्या सुरुवातीला ती मला विचारते की कळ्या दिसू लागल्या का.