घरच्या शुगर मशीनचा 8 महिन्यांचा अनुभव (4/5)

आमचं गाव गगनबावड्याच्या बाजूला. आईची उपाशीपोटीची शुगर बघायची म्हणजे पहाटेची एस्टी धरून कोल्हापूरला यायचं, नंबर लागेपर्यंत तिला चहा पण नाही, चक्कर यायची बिचारीला. म्हणून दिवाळीत राजारामपुरीतल्या एका मेडिकलमधून ग्लुकोमीटर घेतला, हजाराच्या आत बसला, 25 स्ट्रिप्स (रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्या, दर वेळी नवी लागते) सोबतच. मोहरीएवढं रक्त लागतं आणि 5 सेकंदांत आकडा येतो, आकडे मोठे असल्यामुळं आई चष्म्याशिवाय वाचते.

जानेवारीत एकदा आकडा आला 312! घरात सगळे घाबरले, मी तर गाडीच काढायला निघालो होतो. मग लक्षात आलं की आई आत्ताच काकांच्या गुऱ्हाळावरून आलीय, गरम गुळाचा खडा हातात घेऊन खाल्लेला, बोटं अजून चिकट. साबणानं हात धुवून कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं, पहिला थेंब पुसून दुसरा घेतला तर 148. औषध वाढवलं असतं तर काय झालं असतं, विचार करूनच अंगावर काटा येतो.

लॅबशी आकडा तंतोतंत जुळणार नाही हे धरूनच चाला. लॅबला 200 आली तर मशीनवर 170 ते 230 पर्यंत चालतं, नियमातच 15 टक्क्यांची सूट आहे. अंगात रक्त कमी असलं तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, त्यामुळं डॉक्टरांनी आईचं हिमोग्लोबिन पण तपासायला सांगितलं. आणि डायबेटिस आहे का नाही हे यावर ठरवायचं नाही, त्याला लॅबच लागते.

खरा खर्च स्ट्रिपचा आहे, मशीनचा नाही. त्यात आमच्याकडचा पाऊस! जूनमध्ये बहिणीनं सोपं पडावं म्हणून 10 स्ट्रिप्स प्लास्टिकच्या पिशवीत काढून ठेवल्या, सगळ्या दमट होऊन वाया, मशीन नुसता एरर दाखवतंय. त्या त्यांच्याच डबीत ठेवायच्या, एक काढली की झाकण लगेच घट्ट लावायचं, आणि डबी फोडल्याची तारीख वर पेननं लिहायची, आमच्या डबीवर 3 महिन्यांत संपवा असं छापलंय. दुसऱ्यांदा घेताना दुकानदारानं एक्सपायरीला दीड महिनाच उरलेली डबी दिली, घरी आल्यावर दिसलं, तो एक स्टार त्यासाठी कापला. 50 ची डबी घेण्यापेक्षा 25 च्या दोन घ्या, आठवड्याला दोनदाच तपासणाऱ्याला तेच परवडतं.