घरी पाणी काढायची नळी: 5 महिन्यांचा अनुभव

काल आईच्या फुफ्फुसाभोवती साठणारं पाणी नळीतून काढून झालं आणि नळीच्या तोंडाला लावायचं नवं टोपण माझ्या हातून चादरीवर पडलं. पडलेलं लावायचं नाही, निर्जंतुकच हवं. म्हणून दुसरं अख्खं पाकीट फोडलं. बाटली, हातमोजे, गॉज, ड्रेसिंग, सगळं उघडं पडलं, नखाएवढ्या टोपणासाठी! बेळगावच्या पुरवठादाराला फोन केला तर म्हणतो, सुटं टोपण मिळत नाही, पाकीटच घ्या. याचा राग अजून गेलेला नाही. टोपणं सुटी विकायलाच हवीत.

नळीबद्दलचं मत मात्र पार बदललंय.

आईला स्तनाचा कॅन्सर, त्यामुळे उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी. आधी दर आठ-दहा दिवसांनी टॅपिंगला, म्हणजे सुईनं पाणी काढायला, बेळगाव. आमचं गाव जांबोटीच्या पुढे, पावसाळ्यात तो रस्ता कसा असतो ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. गाडीत ती पुढे वाकून बसायची, एक वाक्य बोलताना दोनदा थांबायची.

मग नळी बसवली. कातडीखालून थोडी आडवी नेऊन छातीत सोडलेली, बाहेरचा तुकडा एरवी ड्रेसिंगखाली गुंडाळलेला. शिकवणाऱ्या सिस्टर कानडी. त्यांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ झालंय: ‘केम्मु बंदरे निल्लिसि.’ खोकला आला, छाती आवळली, की क्लॅम्प, म्हणजे नळीवरचा चिमटा, बंद. एका वेळी 1 लिटरच्या वर काढायचं नाही, कारण दबलेलं फुफ्फुस एकदम फुगलं तर त्याच्या आतच पाणी उतरू शकतं.

पहिल्या महिन्यात मी चूक केली. बाटली एकदाच वापरता येते, बिलं बघून पोटात गोळा यायचा. दिवसाआड काढायचं ते मी चार दिवसांवर नेलं. आई काही बोलली नाही, रात्रभर भिंतीला टेकून बसून राहायची. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कबूल केलं. ते म्हणाले, बाटल्या वाचवू नका. फुफ्फुस नीट उघडत असेल तर रोज काढल्यानं त्याभोवतीचे दोन पडदे एकमेकांना चिकटायची शक्यता वाढते, मग पाणी साठायला जागाच उरत नाही. म्हणजे वाचवलेल्या बाटल्या पुढे दुपटीनं लागल्या असत्या. तिथून रोज काढायला लागलो. आधी 900 मिलि, मग 400, मग 150. गेल्या तीन वेळेला 50च्या आत. नळी तुंबली तरी पाणी कमी येतं, म्हणून पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी आहे. आत पाणी नसेल तर नळी काढू म्हणालेत.

शेजारच्या काकूंनाही असंच पाणी झालं होतं, पण ते टीबीचं. त्यांचं 6 महिन्यांच्या गोळ्यांवर गेलं, नळी लागली नाही. तेव्हा पाणी कशाचं आहे ते आधी तपासून घ्या. नळी असलेल्यांनी ताप आला, नळी कातडीतून बाहेर येते तिथे लाली किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

न फोडलेली 4 पाकिटं घरात आहेत. पुरवठादार परत घेत नाही. नळी निघाली की सिस्टरकडे नेऊन देणार आहे, वॉर्डात कुणाला तरी लागतीलच.