कूलर मोजायला काय घ्यावं: क्लॅम्प मीटर की प्लगचा वॉटमीटर?

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ आला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, घरातला कूलर, फ्रिज, पाण्याची रॉड नेमकी किती वीज घेतात ते मोजायला कोणता मीटर घ्यावा? दोन्ही प्रकार नागपुरात सीताबर्डीवर मिळतात आणि मी दोन्ही वापरतो. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, गुणलं की पॉवर, हे तुम्हाला ठाऊक आहेच. खरा प्रश्न असा, की हे दोन आकडे हाती यायला किती खटाटोप पडतो आणि आल्यावर त्यांच्या गुणाकारावर कितपत विसंबायचं.

साध्या मल्टिमीटरचा विचार इथे सोडून देऊ. करंट मोजायला तो सर्किट तोडून मध्ये घालावा लागतो. घरच्या २३० व्होल्टवर ते करू नये, असंच मी सांगेन.

क्लॅम्प मीटरमध्ये वायर कापायची गरज नाही, जबड्यात धरली की करंट दिसतो. बोअरचा पंप, एसी, गिझर अशा थेट जोडलेल्या गोष्टींना त्याच्याशिवाय इलाज नाही. पण जबड्यात एकटी फेजची वायर हवी. कूलरची अख्खी केबल धरली तर फेजने जाणारा आणि न्यूट्रलने परतणारा करंट एकमेकांचं चुंबकीय क्षेत्र पुसून टाकतात आणि मीटर शून्य दाखवतो. शेजारच्या काकाजींनी नवा क्लॅम्प आणला तेव्हा ते हेच म्हणाले, "भाऊ, मीटरच खराब दिसते. कूलर चालू आहे न् हे झिरो दाखवून राह्यलं." मीटर उत्तम होता.

यावर उपाय आहे. एका छोट्या एक्स्टेन्शनचं वरचं आवरण काढून आतल्या तीन तारा वेगळ्या ठेवायच्या आणि कूलर त्यातून चालवायचा. मीही तसंच करायचो. पण कूलर खिडकीत, वाळ्याच्या ताट्यांतून पाणी झिरपतंय, खाली फरशी ओली, आणि तिथेच ही आवरण सोललेली केबल. प्रत्येक वेळी आधी मुलांना खोलीबाहेर काढायचं, मग फरशी पुसायची, मग मोजायचं. ही कटकट मला नको झाली, आणि खरं सांगायचं तर माझी निवड इथेच ठरली. त्यात कूलरचा करंट एका अँपिअरच्या आत. शेकडो अँपिअरसाठी बनवलेल्या स्वस्त क्लॅम्पवर एवढ्याशा आकड्याचा भरवसा वाटत नाही. फेजच्या वायरचे जबड्यातून दहा वेढे घेऊन आलेल्या आकड्याला दहाने भागलं तर बरं उत्तर येतं, पण तेवढी मोकळी वायर हवी.

वॉटमीटर सॉकेटमध्ये लावायचा आणि त्यात कूलरचा प्लग खोचायचा. माझ्या कूलरवर तो २२६ व्होल्ट आणि ०.८२ अँपिअर दाखवतो. गुणाकार येतो १८५, पण वॉटच्या जागी आकडा असतो १५० च्या आसपास. दोन्ही बरोबर आहेत. १८५ हे व्हीए, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअरचा नुसता गुणाकार झाला. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, म्हणून खरी पॉवर कमी भरते. खरी पॉवर भागिले व्हीए म्हणजे पॉवर फॅक्टर, तो इथे ०.८१ पडला. क्लॅम्पवाल्याला हा आकडा अंदाजानेच धरावा लागतो. बिल वॉटवर येतं, इन्व्हर्टर व्हीएवर घ्यायचा असतो, आणि इथे दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात. १५० वॉटचा कूलर दिवसाचे वीस तास चालला तर महिन्याला ९० युनिट होतात. महावितरणच्या बिलात ३०० युनिटांच्या पुढे दर आणखी चढतो, त्यामुळे दोन कूलरच्या घरात हा हिशोब आधीच केलेला बरा.

रेझिस्टन्सचं म्हणाल तर तो पाण्याच्या रॉडवर काढा. माझ्याकडची रॉड १५०० वॉटची. २१८ व्होल्टवर ती ६.२ अँपिअर घेते, म्हणजे ३५ ओहम. गुणाकार १,३५२ आणि वॉटचा आकडाही जवळपास तोच, कारण नुसत्या तारेत पॉवर फॅक्टर एक असतो. १५० वॉट कमी का, तर व्होल्टेज कमी म्हणून. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने घसरते. मात्र कूलरचे २२६ भागिले ०.८२, म्हणजे २७६, याला मोटरचा रेझिस्टन्स समजू नका. तो इम्पिडन्स आहे, म्हणजे तारेचा रेझिस्टन्स आणि मोटरच्या चुंबकीय क्षेत्राचा अडथळा मिळून करंटला होणारा एकूण विरोध. नुसत्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स मल्टिमीटरच्या ओहमच्या रेंजवर त्याहून बराच कमी दिसतो.

वॉटमीटरलाही मर्यादा आहेत. छताचा पंखा त्याच्या आवाक्याबाहेर, आणि सॉकेट खाली असेल तर आकडे वाचायला गुडघ्यावर बसावं लागतं. बोअर आणि दोन एसी असलेल्या घराला मी क्लॅम्पच सुचवेन, तोही ट्रू आरएमएस, म्हणजे करंटची लाट वेडीवाकडी असली तरी बरोबर मोजणारा, कारण साधा क्लॅम्प स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चुकीचा करंट दाखवतो. मात्र डीबी, म्हणजे घरातली एमसीबींची पेटी, उघडायचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. बाकी, कूलर-फ्रिज-रॉडच्या घराला माझ्या मते वॉटमीटर पुरतो. घेताना त्यावर १६ अँपिअर लिहिलंय का ते पाहा, मोठ्या पिनेचा प्लग बसतो का तेही दुकानातच लावून बघा, आणि पॉवर फॅक्टर दाखवत नसेल तर तो घेऊ नका.