सिकलसेल आणि डाउन सिंड्रोम: चूक नेमकी कुठे?

दोन्ही जन्मतःच असतात, म्हणून ‘घराण्यातून आलं’ असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

सिकलसेलमध्ये 11व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात डीएनएचं एकच अक्षर बदलतं. हिमोग्लोबिनच्या साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांकडे बदललेल्या जनुकाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. वाहक स्वतः बहुधा ठणठणीत असतो, म्हणूनच हा आजार जास्त आढळणाऱ्या गडचिरोली-नंदुरबारकडे लग्नाआधीची रक्ततपासणी मला फार मोलाची वाटते.

डाउन सिंड्रोममध्ये जनुक बिघडलेलं नसतं. 21वं गुणसूत्रच एक जास्त येतं, एकूण 46 ऐवजी 47. बहुतेक वेळा ही पेशीविभाजनातली आकस्मिक चूक असते. तरी सुनेच्या माहेरात खोट शोधली जाते, याची मला चीड येते.