आमचं नेहमीचं क्लिनिक: दोन दिवसांत बरं वाटतं, पण गोळी कसली ते कोणी सांगत नाही (५ पैकी २ स्टार)

पाच-सहा वर्षं याच फॅमिली डॉक्टरांकडे जातोय, त्यामुळे आधी चांगलं सांगतो. नंबर लवकर लागतो, डॉक्टर स्वभावाने चांगले, फोन उचलतात. आणि गुण येतो हो, पटकन येतो. का येतो ते आत्ता कळलं.

झालं असं की वर्षभरात मला तीनदा खोकला झाला, दमा वगैरे काही नाही, साधाच खोकला, आणि तिन्ही वेळा चिठ्ठीवर एक अँटिबायोटिक, एक अ‍ॅसिडिटीची आणि एक छोटी पांढरी गोळी, सकाळी खाऊन, पाच दिवस. दुसऱ्या दिवशीच एकदम टकाटक, भूक तर विचारूच नका, पण रात्री डोळा लागेना, दोन वाजता कपाट आवरत बसलो होतो. तिसऱ्या वेळी स्ट्रिपवरचं नाव वाचलं: प्रेडनिसोलोन. म्हणजे स्टेरॉईड! तीन कोर्स झाले पण हा शब्द एकदाही कानावर पडला नव्हता.

आईलाही तीच गोळी दिली, तिला डायबिटीस आहे हे फाईलवर लिहिलेलं असून. सकाळची शुगर ठीकठाक आणि दुपारी मीटर बघून आम्हीच घाबरलो. या गोळीने दुपारी-संध्याकाळी शुगर जास्त चढते, तेवढं आधी सांगितलं असतं तरी पुरे होतं.

मी स्टेरॉईडच्या विरोधात नाहीये हां. १९४८ मध्ये संधिवाताच्या पेशंटला पहिल्यांदा कॉर्टिसोन (हेही स्टेरॉईडच) दिलं आणि १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं, उगाच नाही मिळालं. दम्याचा अटॅक आला की हीच गोळी जीव वाचवते. पण दमा नसलेल्यांच्या छातीच्या खोकल्यावर इंग्लंडमध्ये ट्रायल झाली, रोज ४० मिलिग्रॅम, पाच दिवस, २०१७ मध्ये रिझल्ट आला, आणि औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीपेक्षा काही फरक नाही! म्हणजे माझा खोकला आपणहून जात होता आणि क्रेडिट गोळीला. हे फक्त आमच्याच डॉक्टरांचं नाही म्हणा, अमेरिकेत तीन वर्षांत दर पाच प्रौढांतल्या एकाला असा छोटा कोर्स मिळाला होता, आणि त्यानंतरच्या महिन्याभरात गंभीर इन्फेक्शन, रक्ताच्या गाठी, फ्रॅक्चर यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो तर त्यांचा पहिला प्रश्न, "वर्षात असे किती कोर्स झाले?" इथे तो हिशोबच कुणी ठेवत नाही. जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला तीच गोळी पुन्हा देतो, मी स्वतः एकदा आणलीय, खोटं कशाला बोलू.

वेटिंगमध्ये एक काका भेटले, सांधेदुखीसाठी कित्येक महिने रोज अर्धी गोळी, जुन्याच चिठ्ठीवर. माझं बोलणं ऐकून म्हणाले, आजपासून बंद. म्हटलं काका, नको! तीन आठवड्यांच्या वर रोज घेतली की शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड बनवणं मंदावतं, एकदम थांबवलं तर चक्कर, बीपी खाली, हॉस्पिटलची वेळ येऊ शकते, डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करायची. मग त्यांना माझ्या आधी आत पाठवलं.

माझा नंबर आल्यावर मीही विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, "तुम्हालाच दोन दिवसांत ऑफिसला जायचं असतं ना?" यावर मला काही बोलता आलं नाही. पुढच्या वेळी चिठ्ठीवर स्टेरॉईड असं स्पष्ट लिहून दिलं तर तिसरा स्टार देईन.