कॅन्सरमुळं खुब्याचं हाड मोडलंय: नुसती लाईट (रेडिएशन), सिमेंट-स्क्रू की मोठं ऑपरेशन?

कॅन्सर हाडात उतरून पेल्व्हिस, म्हणजे कमरेखालचं खुब्याचं हाड, मोडलं की एक डॉक्टर म्हणतो ऑपरेशन करा, दुसरा म्हणतो नको, आणि घरची माणसं मधल्यामध्ये. आधी एकच विचारा, नेमकं मोडलंय कुठं? मांडीच्या हाडाचा गोळा बसतो त्या वाटीत मोडलं असेल तर पाऊल टेकवलं की सगळा भार तिथंच येतो. पुढच्या बारीक हाडात किंवा वरच्या पसरट भागात असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशन लागतच नाही, औषधं, वॉकर आणि रेडिएशनवर भागतं. साध्या एक्सरेत सगळं दिसेलच असं नाही, सीटी करून घ्या.

लाईटचं म्हणाल तर ८ ग्रे (ग्रे म्हणजे लाईटचा डोस मोजायचं माप) एकदाच दिली काय किंवा ३० ग्रे दहा वेळात दिली काय, दुखणं साधारण सारखंच कमी होतं, फक्त एकदाच दिली तर पुन्हा द्यायची वेळ जरा जास्त येते. तरी चंदगड-आजऱ्याकडनं मोडल्या हाडाचा पेशंट रोज गाडीत घालून कोल्हापूरला आणायचा असेल तर मी एकदाच्या डोसबद्दल नक्की विचारीन. पण पूर्ण आराम पडायला काही आठवडे जातात आणि खचलेल्या वाटीला आधार काही लाईटनं मिळत नाही.

सिमेंट-स्क्रूमध्ये मोठा छेद नसतो. सीटी किंवा एक्सरेवर बघत जाड सुईनं पोखरलेल्या हाडात टूथपेस्टसारखं सिमेंट भरतात, ते काही मिनिटांत कडक होतं. सिमेंट दाब सोसतं पण ओढ नि पीळ सोसत नाही म्हणून जोडीला स्क्रू. कधी सिमेंट सांध्यात गळतं, हा धोका आहे. पण बरेच पेशंट एक-दोन दिवसांत वॉकर धरून उभे राहतात आणि केमो फारशी लांबत नाही. माझ्या आत्याची वाटी तडकलेली पण गोळा जागेवर होता, तिला हेच केलं आणि ती आपली आपण बाथरूमपर्यंत जायला लागली, तिला तेवढंच पाहिजे होतं ओ.

गोळाच आत घुसला असेल तर मात्र हे पुरत नाही. मग रॉड, सिमेंट, जाळी आणि नवीन खुबा, हाडांचे सर्जन हॅरिंग्टन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या पद्धतीवरचं मोठं ऑपरेशन. रक्त जातं, इन्फेक्शनची आणि खुबा निखळायची भीती असते, जखम भरेपर्यंत केमो-लाईट थांबते. हातात बरेच महिने आहेत आणि तब्येत सोसण्यासारखी आहे तरच करावं असं मला वाटतं. किडनी किंवा थायरॉइडचा कॅन्सर असेल तर रक्तस्राव फार होतो, म्हणून आधी तिथल्या रक्तवाहिन्या बंद करणार का हे विचाराच. आणि कॅन्सर पहिल्यांदाच हाडात दिसतोय, एकच गाठ आहे, तर बायोप्सीशिवाय हात लावू देऊ नका.

सेकंड ओपिनियनला मुंबईला टाटाला जायचं असेल तर आधी फाइल आणि सीटीची सीडी घेऊन घरातल्या कुणीतरी एकट्यानं जाऊन या. पेशंटला न्यायचं ठरलंच तर महालक्ष्मी एक्सप्रेसला स्लीपर आणि थ्री एसीत कॅन्सर पेशंटचं भाडं माफ असतं, सर्टिफिकेट तेवढं हॉस्पिटलातनं आधी करून घ्या.