दे माइट बी जायंट्स: काही महिने रोज ऐकल्यावर

आधी निकाल सांगून टाकते. 'फ्लड' हा अल्बम लावा, निदान पंधरा दिवस तोच ऐका, निवडक गाण्यांच्या प्लेलिस्टच्या नादी लागू नका. गेल्या पावसाळ्यापासून दे माइट बी जायंट्स या न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या दोघांच्या बँडची गाणी माझ्या लोकलच्या प्रवासात रोज असतात आणि त्यांना चिकटलेलं 'गमतीदार बँड' हे लेबल मला आता अजिबात पटत नाही. गंमत आहेच, पण ती महिनाभरात ओसरते. मग उरतं ते जास्त चांगलं आहे.

दोघांचंही नाव जॉन. लिनेल आणि फ्लॅन्सबर्ग, मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन गावचे शाळासोबती. १९८१ मध्ये ब्रुकलिनला आले, १९८२ पासून बँड. पहिली काही वर्षं ड्रमर नाही, ठेका टेपवर किंवा ड्रम मशीनवर. फ्लॅन्सबर्गकडे गिटार, लिनेलच्या गळ्यात अकॉर्डियन. (अकॉर्डियन आपल्याला नवं नाही, शंकर-जयकिशननी पोटभर ऐकवलंय.) सुरुवातीलाच लिनेलचं मनगट मोडलं, फ्लॅन्सबर्गच्या घरी चोरी झाली आणि कार्यक्रम ठप्प. तेव्हा त्यांनी घरच्या आन्सरिंग मशीनवर गाणी भरली आणि पेपरात जाहिरात देऊन नंबर कळवला. फोन लावा, गाणं ऐका, हेच ते डायल-अ-साँग. ब्रुकलिनचा साधा नंबर, आणि जाहिरातीत वर मखलाशी: ऑफिसातून फोन केलात तर फुकट!

'फ्लड' १९९० चा, १९ गाणी. त्यातलं 'बर्डहाउस इन युअर सोल' ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. गाणारा कोण, तर खोलीतला निळ्या पक्ष्याच्या आकाराचा नाइट लॅम्प. आपण काय काम करतो, कुणावर जीव लावून बसलोय, हे तो सांगतो. पहिल्यांदा हसू येतं. पुढे कधीतरी सँडहर्स्ट रोडजवळ गाडी खोळंबलेली असताना लक्षात येतं, की हा दिवा बिचारा एवढंच म्हणतोय की मला विसरू नका. 'पार्टिकल मॅन' मात्र माझ्यापुरतं संपलं. चाल डोक्यातून जात नाही, पण आता ऐकवत नाही.

माझं सगळ्यात आवडतं गाणं त्याआधीच्या, १९८८ च्या 'लिंकन' मध्ये आहे: 'अ‍ॅना एन्‌जी'. टेबलावरच्या पृथ्वीगोलावर आपल्या गावाच्या नावावर बंदूक रोखायची, गोळी आरपार जाऊन पलीकडे जिथून बाहेर पडेल तिथे 'ती' राहते. जिला कधी पाहिलं नाही, भेटण्याची शक्यता नाही, तिच्यासाठी हा माणूस झुरतो. गिटार सुरुवातीला अशी तुटक-तुटक वाजते की हेडफोनची वायर सैल झाली असावी असं वाटतं. तिचं आडनाव सापडलं ते न्यूयॉर्कच्या टेलिफोन डिरेक्टरीत. याच अल्बममधलं 'दे'ल नीड अ क्रेन' हे मोडत चाललेल्या नात्याचं गाणं आहे, आणि चाल शाळेच्या सहलीला शोभेल अशी. हीच यांची खोड: दुःख नेहमी उड्या मारत येतं.

तक्रारीही आहेत. आवाज नाकातले, सलग तासभर ऐकले तर कान किटतात. १९९४ च्या 'जॉन हेन्री' या अल्बमपासून पूर्ण वाद्यवृंद आला. वाजवणं सुधारलं, पण तो घरगुती तऱ्हेवाईकपणा पातळ झाला. आणि 'अपोलो १८' मधलं 'फिंगरटिप्स' फुकटच्या अ‍ॅपवर ऐकू नका. ते २१ चिमुकले तुकडे आहेत, काही तर जेमतेम पाच सेकंदांचे, शफलवर टाकून बाकीच्या गाण्यांमध्ये विखरावेत म्हणून केलेले. मी वापरते त्या अ‍ॅपवर पाच सेकंदांच्या तुकड्यानंतर अर्ध्या मिनिटाची बिस्किटाची जाहिरात येते. पैसे भरल्यावर मात्र हा प्रकार खरोखर मजेशीर होतो.

घरात लहान मूल असेल तर २००९ चं 'हिअर कम्स सायन्स' आधी लावा. त्यात सूर्यावरचं १९५९ चं एक जुनं गाणं आहे, जे सूर्याला तप्त वायूचा गोळा म्हणतं. लगेच पुढच्या गाण्यात दोघं ते चूक असल्याचं गाऊन सांगतात: वायू नव्हे, प्लाझ्मा. माझी भाची दोन्ही गाणी त्याच क्रमाने म्हणते, आणि पहिलं संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या तर चिडते.